नाल्यातला माणूस

१

बाजारच्या दिवशी, भर दुपारी, साहेबराव सुभेदारांचा डोंगर कुणीतरी वितळवला.

डोंगर म्हणजे खरा डोंगर नव्हे. कुंभार पिंपळगावातल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत, प्लायवूडच्या मोठ्या फळीवर उभा केलेला थर्माकोलचा डोंगर. वरून चाळलेली रेती, हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा, कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांची झाडं, आणि पायथ्याकडे येणारा एक कोरडा नाला. ज्याला ठाऊक नाही तो म्हणे, म्हाताऱ्याने दिवाळीचा किल्ला बारा महिने मांडून ठेवलाय. ज्याला ठाऊक होतं तो त्या खोलीत आवाज खाली करून बोलत असे.

बद्रीनाथ गाढे मास्तर त्या दिवशी तिथे पोचले ते घामाघूम होऊन. आदल्याच दिवशी टाकी भरलेली त्यांची लुना बाजारातून निघताच बंद पडली होती. भूगोल शिकवून निवृत्त झालेला एवढा जाडजूड माणूस पेडल मारत चाललेला पाहून पारावरच्या लोकांची चांगली करमणूक झाली. लुनेला शिव्या देतच ते खोलीत शिरले, आणि सुभेदारांचा चेहरा बघून दारातच थबकले.

डोंगराचा माथा आणि नाल्याकडचा खांदा आत बसला होता. तिथे नुसता चिकट, पांढुरका खड्डा उरला होता. खोलीभर पेट्रोलचा वास होता.

"मास्तर," सुभेदार म्हणाले, "रविवारी दोरा लावायचा होता. आता कुठून लावू?"

सुभेदारांनी त्यांचं मनगट धरलं.

"तुमी शोधा. पोलीस नको, गावात बोभाटा नको. मला त्या माणसाला मारायचं न्हाई. एवढंच इचारायचंय, माझ्या मेलेल्या पोराशी त्याचं असं काय वैर होतं?"

२

साहेबराव मगरे फौजेत सुभेदार होते तेव्हा अधिकाऱ्यांच्या शिकवणीसाठी वाळूत डोंगर-दऱ्या रचून देणं हे त्यांचं काम. पेन्शन घेऊन गावी आले, पण हात स्वस्थ बसेनात. मग प्लायवूडच्या फळ्यांवर रानं, टेकड्या, ओढे उभे राहू लागले. कडूबा कुंभाराने अंगठ्याएवढे मातीचे शिपाई भाजून दिले आणि लढाया सुरू झाल्या. पहिला गडी घरचाच, मुलगा संघपाल. बापाला तो दादा म्हणे. तो फौजेत गेल्यावर त्याच्या जागी मास्तर बसू लागले आणि नियमाने हरू लागले.

खेळ सोपा होता. वरच्या शिपायाला खालचा शिपाई दिसतो की नाही असा वाद पडला, की दोघांच्या डोक्यांमध्ये शिवणाचा दोरा ताणायचा. मध्ये काही आडवं आलं नाही तर दिसला, आणि दिसला तर फासे टाकून मारायचा. अपवाद एकच. प्लायवूडमध्ये नाला खणता येत नाही. तो नुसता रंगवलेला असे. म्हणून नाल्यातला माणूस दिसत नाही असं धरून चालायचं, तिथे दोरा लावायचा नाही, असा घरचा नियम होता. संघपाल लहानपणापासून नाला धरून बापाला हरवत आला होता, आणि बाप त्या हरण्यावर खूश असे.

दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली, सरहद्दीकडच्या एका डोंगराखाली संघपाल गेला. त्याच्याबरोबर आणखी तीन जवान गेले. शवपेटीसोबत आलेल्या लोकांच्या बोलण्यातून गावात एक गोष्ट पसरली. मगऱ्याच्या पोराने आपल्याच मनाने माणसं नाल्यात घातली, वरून ती उघडी दिसली, आणि त्याच्या चुकीने सगळे मेले.

सुभेदारांनी पोराचं मरण सोसलं, पण ही गोष्ट त्यांना सोसेना. नाल्यातला माणूस वरून दिसतोच कसा? म्हणजे पोराला कुणीतरी उघड्या कड्यावरून पाठवलं आणि खापर त्याच्यावर फोडलं. हे सिद्ध करायला त्यांनी तोच डोंगर बांधायला घेतला. या खेपेला फळीवर थर्माकोलचे थर चढवून जमीनच उंच केली आणि तिच्यात खरा, खोल नाला कोरला. माहिती द्यायला हसनाबादचा भुजंग होता. तो त्या तुकडीतून वाचलेला, एका पायाने अधू झालेला जवान. दोन वर्षं मोतीबिंदूच्या डोळ्यांनी म्हातारा काम करत होता. रविवारी मास्तरांसमोर माथ्यापासून नाल्यापर्यंत दोरा लागणार होता, आणि तो आडला की संघपालचं नाव धुऊन निघणार होतं.

मास्तरांनी खोली नीट पाहिली. कुलूप शाबूत. त्याची एक किल्ली सुभेदारांच्या खिशात, एक खुद्द मास्तरांकडे, आणि एक ओसरीच्या कोनाड्यात, जी घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना माहीत होती. पण एक गोष्ट त्यांना खटकली. डोंगरावरचे शिपाई खड्ड्यात पडलेले नव्हते. पेट्रोल ओतण्याआधी कुणीतरी एकेक शिपाई उचलून खिडकीत धुतलेल्या फडक्यावर निजवला होता. एकाचाही हात मोडलेला नव्हता. दुसऱ्याचं वाटोळं करायला आलेला माणूस एवढी काळजी कशाला घेईल?

"पेट्रोलनं थर्माकोल विरघळतं, हे कोणाला माहीत?" सुभेदारांनी विचारलं.

मास्तर ओशाळले. मागच्या वर्षी त्यांनीच हौसेने एका टेकडीला पेट्रोलने पातळ केलेला ऑइलपेंट लावला होता आणि डोळ्यांदेखत टेकडी फसफसून बसली होती. त्या दिवशी घरात कितीतरी महिन्यांनी हसू ऐकू आलं होतं. कोणकोण हसलं होतं ते मास्तर आठवू लागले. सुभेदारीणबाई, सून, भुजंग आणि कडूबा. तेवढेच होते.

३

कडूबा चाकावर बसला होता. प्रश्न ऐकताच त्याने ओला हात कपाळाला लावला.

"मी? गुरुजी, माझा अन् सुभेदाराचा झगडा झाल्ता, बराबर. सगळ्या शिपायांना मिशा कामून काढल्या म्हून त्यानं अख्खा घाणा वापस केल्ता. पण म्या दुसरे करून देलते. अन् बाजारच्या दिशी मी दिवसभर मडक्यापाशी होतो. तुमीच माझ्यासंगं भाव करून राह्यले होते, मडकं न घेता गेले."

हे खरं होतं. मास्तरांनी विषय वाढवला नाही.

मालनबाई, म्हणजे सुभेदारांची बायको, अंगणात ज्वारी निवडत होती. तिला ती डोंगराची फळी, घरातला 'बोर्ड', डोळ्यांसमोर नको असायची हे सगळ्यांना माहीत होतं.

"मी कशाला लपवू?" ती म्हणाली. "रोज सांजच्याला हे त्या मातीच्या पोराला उभं करत्यात अन् पुन्हा आडवं करत्यात. एकदा मेलेलं पोर मी किती डाव मरताना बघू? माझ्या मनात लई डाव आलं, उचलून चुलीत घालावं." तिने सूप बाजूला ठेवलं. "पण न्हाई केलं. त्या खोलीत गेलं की हे जेवत तरी होते. आता कालपासून ताट तसंच आहे. मला ते दिसत न्हवतं का, गुरुजी?"

मास्तरांनी मान खाली घातली. बाजारला ती सुभेदारांबरोबरच गेली होती आणि त्यांच्याबरोबरच परत आली होती, हेही त्यांना आठवलं.

सुनेवर संशय घ्यावा असं मास्तरांच्या मनातही आलं नाही. उरला भुजंग. मास्तर दुसऱ्या दिवशी जालन्याला गाडी बदलून हसनाबादला पोचले. भुजंग घरासमोर बाजेवर पाय लांब करून बसला होता. डोंगराची गत ऐकून तो आधी दचकला, आणि मग, मास्तरांना शपथेवर सांगता आलं असतं, त्याला हायसं वाटलं.

"बाजारच्या दिशी मी इथून हाललो न्हाई. गावाला इचारा."

"मंगळवारी तर आल्तास आमच्याकडं."

"आल्तो. सुभेदारसाहेबांनी खोदून खोदून इचारलं, डोंगर बराबर एवढाच होता का. खोटं बोलवलं न्हाई. म्हणलं, याच्याहून उंच होता. त्यांनी माझ्यासमोर आणखी एक थर चढवला." भुजंगने पायावरून हात फिरवला. "तो थर चढला अन् मला तिथं थांबवेना, गुरुजी."

"कामून?"

भुजंग पायच चोळत राहिला. मास्तरांनी दुसरीकडून घातलं, "तुला एस.टी.च्या मोटारीवर सोडायला कोण आल्तं?"

"वयनी."

एवढं बोलून तो माणूस ढसाढसा रडायला लागला. मास्तरांनी परतीची गाडी धरली.

४

मास्तर परतले ते सरळ सुभेदारांच्या मागच्या खोलीत गेले. सुभेदार ओसरीवर झोपले होते. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

त्यांनी दार लोटून घेतलं. थरांची उंची मोजायला सुभेदारांनी एक बांबूची कामटी केली होती, प्रत्येक थराला एक खूण. मास्तरांनी ती खड्ड्यात उभी रोवली. शेवटून दुसऱ्या खुणेला, म्हणजे मंगळवारच्या आधीच्या उंचीला, दोरा बांधला आणि नाल्याच्या तळातल्या शिपायापर्यंत ताणला. दोरा नाल्याच्या काठाला आडला. शिपाई दिसत नव्हता.

मग त्यांनी दोरा एक खूण वर सरकवला. भुजंगने सांगितलेल्या खऱ्या उंचीला.

दोरा कुठेही न टेकता सरळ शिपायाच्या डोक्याला जाऊन भिडला. त्यांनी शिपाई पुढे सरकवला, मागे सरकवला. तीनदा लावून पाहिला. काठ आता कुठेच आड येत नव्हता. माथ्यावर बसलेल्याला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा होता.

मास्तरांनी दोरा सोडून रिळावर गुंडाळला. गावात बोललं जात होतं ते खरं होतं. संघपालने नाला धरला होता आणि नाल्यानेच त्याला मारलं होतं. आणि नाला का धरला होता, हे त्या घरात खेळलेल्या माणसाला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

म्हणजे हे वैर नव्हतंच. ज्याने पेट्रोल ओतलं त्याने नेमका माथा आणि खांदा तेवढा घालवला होता, जिथून दोरा लागणार होता. त्याला संघपालचं नाव बुडवायचं नव्हतं. त्याला म्हाताऱ्याला तो दोरा बघू द्यायचा नव्हता.

आणि पेट्रोल? मास्तरांना आपली लुना आठवली. भरलेली टाकी बाजारात असताना रिकामी झाली होती. बाजारात लुना लावायला जागा नसते, म्हणून ते दर बाजारी ती एकाच ठिकाणी सावलीला लावत. अंगणवाडीच्या कडुलिंबाखाली.

अंगणवाडी सुभेदारांची सून चालवत होती.

५

पोरं घरी गेली होती. बेबीनंदा सतरंज्या झटकत होती. मास्तरांना दारात पाहून तिने सतरंजी खाली ठेवली आणि काहीही न विचारता स्वतःच बोलली.

"पेट्रोलचे पैसे देणार होते, गुरुजी. पण द्यायला गेले असते तर सांगावं लागलं असतं."

लग्नाला दीड वर्ष झालं होतं तेव्हा नवरा गेला. माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही. सासऱ्याला ती मामा म्हणे. मोतीबिंदूमुळे त्यांना सुईत दोरा ओवता येत नसे, तर त्या खेळाचा दोराही तीच रिळावरून काढून द्यायची. आता मात्र तिला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"भुजंगनं काय सांगितलं तुला?" मास्तरांनी विचारलं.

"मोटारीची वाट बघत उभे होतो. तो म्हणला, वयनी, आता लपवून फायदा न्हाई, रविवारी दोरा लागला की सुभेदारसाहेबांना सगळं कळनार." ती थांबली. "तिथं दोन वाटा होत्या. भुजंग म्हणत होता, झाडीतून लांबच्या वाटेनं जाऊ. ह्यांनी न्हाई म्हणलं. हसून म्हणले, आमच्या दादाच्या बोर्डावर नाल्यातला मानूस कधी मेला न्हाई. चला माझ्यामागं."

मास्तरांनी दाराची चौकट धरली.

"नाला खणता येत न्हाई म्हून केलेला नेम होता तो, गुरुजी. खेळापुरता. मामांना कळलं असतं तर? पोराला मीच शिकवलं, मीच मारलं, असं घेऊन ते एक दिस जगले असते का? मला दुसरं काही सुचलं न्हाई. तुमची गाडी समोर उभी होती. नळी काढली, बाटली भरली, घरी गेले. शिपाई उचलताना ह्यांचा शिपाई हातात आला, तेवढा लई वेळ खाली ठेववला न्हाई."

"ते पुन्हा बांधतील, बेबी. हातपाय चालतात तोवर बांधतील."

"माहीत आहे." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आज टळलं, एवढंच. अन् मीच केलं हे कळलं तर ते माझं तोंड बघनार न्हाईत. ते बिलकुल कबूल आहे. पण मामींना सोडून मी कुठं जाऊ?"

मास्तर दारातून लिंबाच्या सावलीत आले. वर्गात त्यांनी आयुष्यभर खऱ्याची बाजू घेतली होती. आज पहिल्यांदा त्यांना खरं सांगायची भीती वाटली, आणि त्या भीतीची लाज वाटली नाही.

"तू काही बोलू नको," ते म्हणाले. "सुभेदारांनी शोधायचं काम मला दिलंय."

६

"सापडला?" सुभेदार उठून बसले.

"सापडला. मीच आहे तो."

मास्तरांनी वाटेत सगळं जुळवून घेतलं होतं, आणि ते इतकं चपखल बसत होतं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. किल्ली त्यांच्याकडे होतीच. पेट्रोल त्यांच्याच लुनेचं. सुभेदार बाजारात असताना डोंगराला कड्याचा रंग देऊन ठेवावा, रविवारी बघून खूश होतील, असं मनात आलं. मागच्या खेपेला घात ऑइलपेंटने केला असं वाटलं होतं, म्हणून या खेपेला पाण्याचा रंग आणला. पण पुड्या कडक झालेल्या, पाण्यात विरघळेनात. तेव्हा पेट्रोलमध्ये कालवला. रंग लावायचा म्हणून शिपाई काळजीने काढून ठेवले. ब्रश टेकवला आणि डोंगर बसला. घाबरून बाटलीही वरच सांडली.

"अन् दोन दिवस तुमी मला चोर शोधून देत होते?" सुभेदारांचा आवाज चढला नाही. "माझ्या घरी चहा पीत होते?"

"लाज वाटली, सुभेदार."

मास्तरांचं अर्धंच सांगून झालं होतं.

"आणखी एक आहे. रंग द्यायच्या आधी मला राहवलं न्हाई. डोंगर अख्खा होता तेव्हा मी दोरा लावून पाह्यला. मंगळवारचा थर धरून. तीनदा लावला."

म्हातारा पुढे झुकला. त्या एका उत्तरासाठी तो दोन वर्षं तगला होता.

"मंग?"

"आडतो. नाल्यातला माणूस वरून दिसत न्हाई."

"न्हाई दिसत?"

"बिलकुल न्हाई. संघपालची चूक न्हवती."

साहेबराव सुभेदारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पेटी आली त्या दिवशीही जो माणूस सरळ उभा राहिला होता तो आता खांदे गदगदून रडला. मालनबाई धावत बाहेर आली, तिच्यामागे बेबीनंदा आली. सुभेदार त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, पोराची चूक न्हवती, आडतो म्हणत्यात, दोरा आडतो. सून भिंतीला धरून उभी होती. तिने मास्तरांकडे एकदाच पाहिलं.

रडणं ओसरल्यावर सुभेदारांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या."

मास्तरांनी किल्ली दिली.

"डोंगर बसला, त्याचं मला काही न्हाई. चूक मानसाकडून व्हते. पण तो दोरा माझा होता, मास्तर. दोन वर्सं मी त्याच्यासाठी काढली. तुमी तो माझ्या माघारी लावला." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "पुन्हा माझ्या घरी येऊ नका."

सुभेदारांनी परत डोंगर बांधला नाही. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. ते जेवू लागले, बुद्धविहारात जाऊ लागले, मोतीबिंदूही काढून घेतला. मास्तरांच्या संध्याकाळी मात्र रिकाम्या झाल्या. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं पुण्याला. हरायलाही कुणी उरलं नाही. त्यांनी ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण त्यांना सुभेदारांची फार आठवण येई.

पुढच्या उन्हाळ्यात धावड्याहून कुणी पाहुणे मगऱ्यांकडे आले होते. बाजारात सुभेदार त्यांच्याशी बोलत उभे होते. चार पावलांवर मास्तर कांदे निवडत होते. गर्दीमुळे सुभेदारांना ते दिसले नव्हते.

"लोकं काहीही बोलत्यात," सुभेदार सांगत होते. "माझ्या पोराची काहीच चूक न्हवती. स्वता दोरा लावून पाह्यलेला मानूस आहे आमच्या गावात. बद्रीनाथ मास्तर. मी बोलत न्हाई त्याच्यासंगं, त्याचं कारण येगळं आहे. पण एक सांगतो, तो मानूस कधी खोटं बोलायचा न्हाई."

तेवढ्यात गर्दी सरली आणि दोघे समोरासमोर आले. सुभेदारांनी मान फिरवली आणि पाहुण्यांना घेऊन पुढे चालू लागले. कांदेवाली किती तोलू म्हणून विचारत होती. मास्तरांनी निवडलेले कांदे एकेक करून पुन्हा ढिगात ठेवले.